चटणी डावीकडे

माणसाने आपलं आयुष्य किती गावांत आणि किती मन लावून वाया घालवावं याला काही मर्यादा असते, अशी माझी समजूत होती. मग माझं लग्न झालं आणि बायकोबरोबर मला एक साडू मिळाला. हा गृहस्थ पुण्याहून मेकॅनिकलची डिग्री घेऊन ब्राउनश्वाइगला मास्टर्स करायला आला. आमच्यासारख्यांना जर्मनीत नोकरी, बायको आणि गाडी या क्रमाने गोष्टी मिळत जातात. याला पहिल्याच हिवाळ्यात अमेरिकन फुटबॉल मिळाला. अंड्यासारखा चेंडू काखोटीला मारून पळायचं, समोरच्यांनी अंगावर पडायचं, आणि मग सगळ्यांनी उठून पुढे काय करायचं यावर बोलत उभं राहायचं, असा तो खेळ आहे. इथल्या विद्यापीठांतून तो चवीने खेळतात. चेंडू आपल्याकडे असताना पुढे काय करायचं हे ठरवतो तो ऑफेन्स कोच. आमच्या साडूला ते व्हायचं होतं. स्वतः तो एकदाच खेळला. त्याच्या अंगावर जो जर्मन पडला त्यानेच त्याला उचलून बाकावर आणून ठेवलं, आणि बाकावरून खेळ जास्त नीट दिसतो हा शोध त्याला तिथे लागला, असं तो आजही अभिमानाने सांगतो.

यानंतर त्याची जी काही प्रगती झाली तिला करिअर म्हणण्याचं धाडस फक्त तोच करू शकतो. शिकून झाल्यावर तो रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात लागला तेव्हा सासरी पेढे वाटले गेले. खरी गोष्ट अशी होती की तिथल्या विद्यार्थ्यांच्या संघाला, पुढच्या रांगेतल्या धिप्पाड मुलांना ढकलायला शिकवणारा माणूस हवा होता. साडूचं वजन भिजलेल्या छत्रीइतकं. पण तो शिकवायचा, आणि मुलं ढकलायची. तिथून तो गेर्लिंगेनला गेला, कारण जवळच्या एका संघाने त्याला चेंडू झेलणाऱ्यांचा कोच केलं. दर वेळी नोकरी एक पायरी खाली आणि कोचिंग एक पायरी वर. त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, हिचे खोके इतक्यांदा भरले आणि सोडले गेले की पोळपाट कुठल्या खोक्यात आहे हे ती झोपेतही सांगेल. नव्या गावात अनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेत उभी राहून ती आईला फोन करायची. "अगं, पण जावईबापू नक्की करतात काय?" असं सासरे मागून विचारायचे. ताई म्हणायची, "बाबा, इंजिनियर आहेत." ती खोटं बोलत नव्हती, पण आवाज जरा खाली जायचा.

शेवटी हा ब्राउनश्वाइगला परत आला तो विद्यापीठाच्या संघाचा ऑफेन्स कोच होऊन, आणि माझ्या दुर्दैवाने माझ्याच गल्लीत राहायला. मग त्याचं शास्त्र मला रोज संध्याकाळी ऐकावं लागलं. या खेळात प्रत्येक चालीला गुप्त नाव असतं आणि कोच ते कडेवरून ओरडतो. बाकीचे लोक रंगांची नाहीतर प्राण्यांची नावं देतात. साडूने आपलं जेवणाचं पान घेतलं. डावी बाजू ती डावी, उजवी बाजू ती उजवी. चटणी म्हटलं की चेंडू डावीकडे. कोशिंबीर म्हटलं की डावीकडेच, पण आणखी कडेने. भाजी आणि आमटी उजवीकडे. वरणभात म्हणजे सरळ मधून मुसंडी. मीठ पानाच्या वरच्या टोकाला वाढतात, म्हणून मीठ म्हणजे समोर लांबवर फेक. मुलांना पाठ व्हावं म्हणून त्याने सगळ्या संघाला घरी बोलावून जेवायला घातलं, आणि ताईने दिवसभर चटण्या वाटल्या. "जर्मनीत हे कुणाला कळणार?" तो मला म्हणाला. "कुणाच्या बापाला कळणार नाही. गेनाऊ?" मी हो म्हणालो. गाढवाशी वाद घालायचा नसतो, असं माझं मत होतं.

त्या वर्षी शेवटचा सामना जिंकला तर संघ वरच्या वर्गात जाणार होता, आणि विद्यापीठ साडूला पूर्ण वेळ, पक्का कोच म्हणून घेणार होतं. म्हणजे ताईचे खोके कायमचे सुटणार होते. हरला तर त्याच्या जागी यायला एका अमेरिकन माणसाशी विद्यापीठाचं बोलणं झालेलंच होतं. आमच्या सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. त्याही शाल पांघरून, चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन सामन्याला ताईच्या शेजारी बसल्या. जावयांनी खालून "चटणी" अशी आरोळी ठोकल्यावर त्या दचकल्या. मग पोरं डावीकडे पळाली. पुढची आरोळी आली भाजीची. सासूबाई चकली मोडत म्हणाल्या, "आता उजवीकडे." पोरं उजवीकडे पळाली. मला कौतुक वाटतंय तोवर आमच्या पुढच्या बाकावरची, पाहुण्या संघाचं जॅकेट घातलेली, कानाला हेडफोन लावलेली मुलगी मागे वळली.

"काकू, तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मी नाशिकची आहे. मला कळतंय." तेवढ्यात खालून "आमटी" आली, आणि ती हेडफोनमध्ये खाली आपल्या कोचला शांतपणे म्हणाली, "रेश्ट्स." म्हणजे उजवीकडे.

आज जर्मनीतल्या कुठल्याही विद्यापीठात दगड मारला तर तो मराठी मास्टर्सवाल्याला लागतो, आणि हे न कळणारा माणूस जर्मनीत एकच होता. मध्यंतरात मी धावत खाली गेलो. "अहो साडूसाहेब, वर त्यांची एक नाशिकची मुलगी बसलीय. तुमचं सगळं ताट तिला पाठ आहे. पान उलटं करा. चटणी म्हणा आणि उजवीकडे पळवा."

"आल्झो, तसं नाही जमणार," तो म्हणाला. "मी पोरांना चटणी डावीकडे असते म्हणून शिकवलंय. आता उजवीकडे कशी वाढू?"

"अहो, ते ताट नाही, मैदान आहे."

"तुमच्यासाठी."

यावर मी जे बोललो ते सासूबाईंपर्यंत गेलं नाही एवढंच बरं. शेवटच्या चालीला चेंडू नुसता डावीकडच्या कोपऱ्यात पोचला असता तरी सामना आमचा होता. तो ओरडला, "कोशिंबीर." पाहुण्यांचा सगळा संघ आधीच डावीकडे जाऊन उभा होता. ताईने आईची शाल आवरली आणि चकल्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मला त्या दिवशी त्याचा मनापासून राग आला. त्याच्या हट्टापायी तिला पुन्हा खोके बांधायचे होते.

ते बांधून झाल्यावर निरोपाचं जेवण झालं. खोक्यांच्या मधून वाट काढत ती सगळी धिप्पाड मुलं जमिनीवर मांडी घालून बसली, म्हणजे बसायचा प्रयत्न करू लागली. वाढायला मी होतो. घाईत मी एका ताटात कोशिंबीर उजवीकडे वाढली. ते ताट चेंडू फेकणाऱ्या लाल केसांच्या मुलाचं होतं. त्याने चमच्याने ती कोशिंबीर उचलून डावीकडे नेली आणि मला समजावलं, "कोशिंबीर लिंक्स." माझी मुलगी इथेच जन्मलेली. आम्ही मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि ताटात जागा मिळेल तिथे सगळं कालवते. तिने त्याला कारण विचारलं, "वारूम?" मग त्याने तिला जर्मनमध्ये सगळं पान समजावून सांगितलं, मिठापासून भातापर्यंत, एकही चूक न करता. साडू स्वयंपाकघरात पापड तळत होता. त्याने वळून बघितलं नाही, पण तेवढ्यात एक पापड जळला.

आता तो पुन्हा रेगेन्सबर्गला आहे, कुठल्याशा संघात दुय्यम कोच. माझी मुलगी हल्ली सगळ्यात आधी चटणी वाढून घेते, आणि डावीकडेच. हे ती माझ्याकडून शिकलेली नाही. मी शनिवारी संध्याकाळी त्याला फोन करतो. बहुतेक वेळा ते हरलेले असतात. मध्यंतरी मी विचारलं, "निदान चालींची नावं तरी बदललीत का?"

"नाही हो," तो म्हणाला. "कशाला?"

मला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर आमची गल्ली मला फार शांत वाटली.