शेवटचं बंद काज

ते भांडण तारामतीने पडद्याआडून ऐकलं, तेव्हा तिच्या हातातली सुई घामाने निसटत होती. नामपल्लीला हिम्मतरावांचं शेरवानीचं दुकान. पुढे एक बडे वकीलसाहेब गरजत होते, "ये आखरी काज खुलता काय कू नइं? अंदर अंधे बैठे क्या?"

आत बसली होती ती तारामतीच. काज करायचं म्हणजे आधी कापड कापायचं, मग कडेने टाके घालायचे. तिच्या लेकीला गोवर आलेला, मन सगळं घरी. कापायचं विसरून बाईने सबंध कापडावरच सुरेख टाके घातले.

हिम्मतराव शांतपणे म्हणाले, "गलती नइं साहब, हमारे दुकान का तरीका है. आखरी बटन नक्को लगाना. बैठे तो घेर खुला पडता, झोल नइं आता."

वकीलसाहेब खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. "हौ, बात तो सही है," म्हणाले आणि मिशीला पीळ देत निघून गेले.

मालक आत आले. "तारा, आता जन्मभर असंच चुकायचं. आणि तूच चुकायचं. दुसऱ्या कुणाची चूक मला चालणार नाही."

तीस वर्षं ती चुकत राहिली. बेलबॉटम आले नि गेले, सफारी आली नि गेली, पण हिम्मतरावांची शेरवानी बोटभरही बदलली नाही. लग्नाच्या मांडवात जाणती माणसं आधी नवऱ्यामुलाचं शेवटचं काज बघत, मग तोंड. दुसऱ्या शिंप्यांनी नक्कल करून पाहिली, ती काही साधली नाही. काम घरी नेऊ लागलेल्या तारामतीचा चष्मा चिक्कडपल्लीच्या एका खोलीत जाड होत गेला, एवढंच.

हिम्मतराव वारले. देशाची दारं उघडली म्हणे, तसा नातू हर्षद मुंबईहून फॅशन शिकून आला. दुकानाला काच लागली, थंड हवा आली, अमेरिकेतली गिऱ्हाइकं आली. एका शनिवारी तारामती गाठोडं घेऊन पोचली, तर हर्षद एका नवऱ्यामुलाला सांगत होता, "हे बंद काज आजोबांना एका नवाबाच्या खानदानी शेरवानीत सापडलं."

"कसला नवाब, बाबा!" तारामती सहज बोलून गेली. "माझ्या लेकीला गोवर आला होता, म्हणून कापायचं राहिलं ते."

नवऱ्यामुलाने आपल्या शेरवानीकडे असं पाहिलं, जणू काही तिलाच गोवर आलाय.

हर्षद तिला अदबीने मागच्या दाराशी घेऊन गेला. "मावशी, लोक इथे घराणं अंगावर घालायला येतात. तुमच्या लेकीचा गोवर नाही."

लेक त्याच गोवरात गेली होती. ते त्याला माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही.

"काजाचं मशीन आलंय," तो म्हणाला. "हातातलं काम पुढच्या शनिवारी आणून द्या, मग विश्रांती घ्या. तुमचे टाके हल्ली वाकडे येतात. मशीनचं बघा, कसं अस्सल वाटतं."

अकरा शेरवान्या उरल्या होत्या. तिने त्या पुऱ्या केल्या. मग ब्लेड घेतलं आणि पहिल्या शेरवानीच्या शेवटच्या काजावर टेकवलं. अकरा वेळा ओढलं की झालं. नवाब, आजोबा, घराणं, सगळं उसवलं असतं. बराच वेळ ब्लेड तसंच टेकलेलं राहिलं. तीस वर्षांत त्या हाताने ते काज एकदाही कापलं नव्हतं. आताही कापलं नाही.

शनिवारी बस धरून ती नामपल्लीला आली, मागच्या दाराने आत गेली. दुकानातली मृण्मयी एकेका शेवटच्या काजात नख घालून बघू लागली.

"सरांनी सांगितलंय, मावशी. रागाच्या भरात कापलं असेल तर…"

"बघ बाई. नीट बघ."

अकराही बंद होती. तारामती माठातलं पाणी प्यायली. नव्या कामासाठी तिने सवयीने रिकामी पिशवी उघडी धरली, मग तिची घडी केली. निघताना, दर शनिवारी सांगायची तसं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, "काजावर इस्त्री उलटीकडून फिरव रे. सुलटीकडून चकाकी येते."

"हौ, अम्मा," तो म्हणाला.