चारातलं एक

"पोटातल्या बाळालाही सिकल सेल आहे," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "परीसारखाच, पूर्ण आजार."

माझी सून वर्षा बाईंसमोर बसली होती. मांडीवर तिची सहा वर्षांची मुलगी परी होती, तिची टोपी नीट करत राहिली. माझा मुलगा गजानन उठून बाहेर गेला.

सिकल सेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. अडकल्या की असं दुखतं की लेकरू हात लावू देत नाही. रांगायच्या वयात परीची बोटं सुजली. काहीतरी चावलं समजून आम्ही हळद लावली. मग यवतमाळला रक्त तपासलं. आईबाप दोघंही वाहक निघाले. वाहक म्हणजे आजार अर्धा, त्रास काही नाही. वर्षा माझ्या भावाचीच पोरगी. आमच्यात असं लग्न चालतं. रक्त एकाच घरचं.

तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा जोडप्याच्या चारातल्या एका लेकराला पूर्ण आजार होऊ शकतो. आम्ही घाटंजीची एसटी पकडली आणि रस्त्यातच हिशेब केला. चारातलं एक परी झाली. उरले तीन चांगले.

वर्षाला एकावरच थांबायचं होतं. गजानन ऐकेना.

"आपल्यामागं हिले कोण पाहीन, माय? एखादा भाऊबहीण नको का?"

तीन चांगले आहेत म्हटल्यावर वर्षाही मानली. तिला दिवस गेले. नागपूरला सीव्हीएस केली, म्हणजे पोटात सुई घालून वारेचा बारीक तुकडा तपासायला काढतात. त्याचाच हा रिपोर्ट.

मी बाईंना म्हटलं, "चारातलं एक त झालं होतं ना वो. आता हे काहून?"

"आजी, डब्यात चार चिठ्ठ्या आहेत. एकीवर आजार लिहिलाय. उचललेली चिठ्ठी परत डब्यातच टाकायची. दर वेळी चारच चिठ्ठ्या."

"मंग हे आधी नाही सांगा लागत?"

"सांगतलं होतं, आत्या," वर्षा म्हणाली. "आपणच तीन धरले."

ठेवायचं की नाही ते आईबापांनी ठरवा, कायद्याची परवानगी आहे, पण उशीर केला तर अवघड होईल, इतकं सांगून बाईंनी पुढचा पेशंट बोलावला.

बाहेर बाकावर बसलो. गावाकडून माझ्या भावाचा, म्हणजे वर्षाच्या बापाचा फोन आला, देवानं दिलं ते ठेवा. गजानन म्हणाला, "नवी औषधं निंघून राह्यली, माय. काही ना काही येईन."

"येईन तवा येईन. तवरोक तू वावरात जाशीन अन् ही रडणाऱ्याइले घेऊन बसंन," मी म्हटलं.  ठेवा म्हणायला माझी जीभ वळेना, पाडा म्हणायलाही वळेना. आणि उत्तर दिल्याशिवाय घरी जाता येईना.

तेवढ्यात परीचा पाय दुखून उठला. बापानं हात लावला तर किंचाळली. तिला आईच पाहिजे. वर्षा तिची नडगी हातात धरून बसली. 

मग म्हणाली, "आत्या, एकीचं दुखणं मी काढतो. दोघांचं संगंच उठलं, त मी कोणापाशी बसू?"

 तिनं परीला, तशीच रडत असलेली, गजाननच्या हातात दिली आणि एकटी आत डॉक्टरीण बाईंना सांगायला गेली. तो तिला थांबवायला उठला नाही.

ज्यांच्या घरी लग्न ठरत असेल त्यांनी आधी पोरापोरीचं रक्त तपासा, पत्रिका नंतर. आणि चारातलं एक असं कोणी सांगितलं तर उरलेले मोजू नका. डॉक्टरीण बाईंनी काय करा ते सांगितलं नाही, म्हणून मला त्यांचा राग आला होता. आता नाही. त्यांनी सांगितलं असतं तर आम्ही जन्मभर त्यांनाच बोल लावला असता.

गर्भ पाडला. नंतर वर्षाला ताप भरला, जिवावर बेतलं, दवाखान्यात राहावं लागलं. पुढं गजाननने स्वतःचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. परीला रोज हायड्रॉक्सीयुरिआची कॅप्सूल असते, त्यानं दुखणं कमी उठतं. बंद होत नाही.

वर्षा वाचली. परी आहे, शाळेत जाते. दुसरं लेकरू नाही.