कोरड्या गळ्याची दंडार

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत भरदिवसा दंडार, गाण्या-सोंगांचा खेळ, उभी राहते. आमच्या दंडारीत मी पेटी वाजवत असे. लोक यायचे ते मात्र आमच्या गायकासाठी. तो बाईचं सोंग घ्यायचा. आमगावपासून सालेकशापर्यंत त्याचं नाव होतं. ज्या गावी जाऊ तिथं कोणी ना कोणी मोहाच्या दारूची बाटली घेऊन उभाच असे. त्याला पाजणं हा लोकांना मान वाटे, आणि तो कोणाचं मन मोडत नसे.

एका पावसाळ्यात त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. थेंबही घेऊ नको, असं वैद्यांनी बजावलं. त्यानं खरंच सोडली. धान कापायला तो स्वतः शेताच्या बांधीत उतरला, त्याचं गावाला नवल वाटलं.

मंडईला तो न पिता उभा राहिला. आवाज उघडायला वेळ लागला. दोन ठिकाणी कडवं विसरला, मी पेटीवर सावरून घेतलं. लोकांत चुळबुळ सुरू झाली. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आज कायले असा कोरडा गाऊन राहिला? पाजा ना त्याले."

लोक हसले. गावचे जमीनदार, मालगुजार, यांनी भरलेला पेला देऊन पडद्यामागं गडी पाठवला. गायक थोडा वेळ पेल्याकडे बघत बसला, मग प्याला. त्यानंतर असा गायला की लोक उठेनात. पुढं दारू सुटली नाही. पौष संपायच्या आत तो गेला.

तेरवीच्या पंगतीनंतर वाद पेटला. मालगुजार म्हणाले, त्याचं तोंड काही आम्ही उघडलं नव्हतं, शहाणा माणूस होता. गोंदियाहून आलेले दारूबंदीचे खादीवाले म्हणाले, भट्टीचा लिलाव सरकार करतं, तेव्हा खून सरकारचा. शाळेचे गुरुजी कलावंतांच्या स्वभावाला दोष देत होते. ढोलकीवाला म्हातारा एवढंच बोलला, की हसलो तर आपण सगळेच होतो. खादीवाल्यांनी दारूबंदीच्या पुढच्या सभेत सांगायला गायकाची हकिकत त्याच्या बायकोकडं मागितली. ती पत्रावळी उचलत होती.

"तुमच्या सभेत त्याले उभा करू नका," ती म्हणाली. "लय उभा राहिला तो."

ती मुलीला घेऊन दरेकशाकडं माहेरी गेली. गावात वाद वर्षभर चालला. त्यातून एकच ठरलं, सोंग उतरल्याशिवाय कोणी पाजायची नाही. तेही एक मंडई टिकलं.

पुढं एकदा दरेकशाच्या स्टेशनावर ती भेटली. डोक्यावर मोहफुलांची टोपली होती. मुलीचं लग्न झाल्याचं तिनं सांगितलं. मग टोपली खाली ठेवून तिनं विचारलं, "भाऊजी, त्या मंडईले मी नव्हती. न पिता कसा गायला तो?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मी खरं तेच सांगितलं. आवाज बसका होता, दोनदा अडखळला, पण पेला येण्याआधी एक लावणी त्यानं शेवटपर्यंत नीट म्हटली. लोकांना ती आवडली नाही.

"कोनती?"

मी नाव सांगितलं. ती थोडं हसली. ती लावणी तो घरी चुलीपुढं बसून म्हणायचा, ती म्हणाली. गाडी आली तशी तिनं टोपली उचलली. मी टोपलीला हात लावायला गेलो, पण ती आधीच डब्यात चढली होती.