आतली कडी

त्याला सगळे गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं साधन. याच्या हातचं दार कधी तिरकं निघत नसे, म्हणून थोरल्या भावानंच ते नाव ठेवलं होतं. बायको मात्र म्हणायची, "लाकूड सरळ करतात हे. तोंडातून 'नाही' तेवढं सरळ निघत नाही."

वडील लवकर गेले. रंधा धरायला दादानं शिकवलं, लग्नही दादानंच लावून दिलं. पुढे दादा एका गुरुजींच्या 'परिवारा'त जाऊ लागला, तसा गुण्याही बायको-मुलीला घेऊन त्याच्या मागोमाग गेला. सुरुवातीला फार बरं वाटलं. कोणी आजारी पडलं की माणसं धावून येत, संध्याकाळी सगळे एकत्र बसत. कोणी एकटं पडत नसे. हळूहळू मग कोणाला एकटं राहताच येईना. काय वाचायचं, कोणाकडे जायचं, सगळं गुरुजी ठरवू लागले. एका बैठकीत ते म्हणाले, "ज्याच्या मनात लपवण्यासारखं काही नाही, त्याला आतून कडी कशाला?"

परिवारातल्या घराघरांतल्या कड्या काढायचं काम अर्थातच गुण्याकडे आलं. त्यानं ते मन लावून केलं, दाराला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. स्वतःच्या घरच्या कड्या सगळ्यांत आधी काढल्या आणि डब्यात टाकून माळ्यावर ठेवल्या. तेव्हापासून परिवारातल्या एक ताई कधीही दार ढकलून 'पाहणी'ला येत.

एके दिवशी सकाळी तो घरीच स्टुलाचा डुगडुगणारा पाय ठीक करत होता. न्हाणीघरातून बादली ओढल्याचा आवाज आला.

"रोज काय ओढते ही?" त्यानं बायकोला विचारलं.

"भरलेली बादली दाराला लावते. पाठ दाराला टेकून अंघोळ करते पोरगी. मागे ताई पाहणीला आल्या, त्या थेट आत शिरल्या. तुम्ही कामावर होतात."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? दादांना विचारून आला असतात."

गुण्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. स्टूल तसंच उलटं पडून राहिलं. मुलगी चौदा वर्षांची होती, आणि ती कडी त्यानं स्वतःच्या हातानं काढली होती.

संध्याकाळच्या बैठकीत तो उठून उभा राहिला. "न्हाणीघराला तेवढी कडी लावतो, गुरुजी. मुलगी मोठी झालीय."

गुरुजी हसले. "कडी हवी म्हणजे मनात काहीतरी आहे. उद्या तिला इथे उभी कर. सगळ्यांसमोर सांगू दे."

"हो म्हण," शेजारी बसलेला दादा कुजबुजला.

"नाही," गुण्या म्हणाला. लग्नातसुद्धा इतक्या लोकांसमोर त्यानं तोंड उघडलं नव्हतं. "ती येणार नाही. आम्हीही येणार नाही."

चप्पल पायात सरकवून तो घरी आला. डबा खाली काढला. आधी न्हाणीघराची कडी बसवली, मग पुढच्या दाराची.

थोड्या वेळानं दादा आला. सवयीनं दार ढकललं, ते उघडेना. थबकला असावा. मग दारावर टकटक झाली. बायकोनं दार उघडलं.

दादा उंबऱ्यातच उभा राहिला. "सकाळी मुलीला घेऊन ये आणि माफी माग. निम्मं काम परिवारातून येतं तुझं."

"उरलेलं निम्मं करीन."

"नाहीतर परिवाराच्या नियमानं मला तुझ्याशी बोलता येणार नाही. समोर आलास तरी."

"त्याचं वाईट वाटेल, दादा. जन्मभर वाटेल. पण पोरगी तिथे उभी राहणार नाही."

दादानं दाराकडे पाहिलं. मग त्याचा हात आपोआप कडीवर गेला. त्यानं ती हलवली, तशी ती डगडगली.

"जुन्याच भोकांत स्क्रू पिळलेस? धरतील का ते? आधी लाकडाची काडी ठोक, मग स्क्रू घाल. किती वेळा सांगितलंय!"

"बोलायचं नाही ना, भाऊजी?" बायको म्हणाली.

"उद्यापासून," दादा म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

सकाळी दादा समोरच्या फुटपाथवरून गेला. गुण्यानं हाक मारली. दादाची मान वर झाली नाही. तो वळणाआड जाईपर्यंत गुण्या दारात उभा होता. मग आत येऊन त्यानं काड्या तासल्या, भोकांत ठोकल्या आणि दोन्ही कड्या पुन्हा बसवल्या. ओढून पाहिल्या. हलल्या नाहीत.

मुलगी टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेली. बादली ओढल्याचा आवाज आला नाही. कडी सरकली, आणि मग बराच वेळ नुसतं पाणी पडत राहिलं.

"टाकी रिकामी करतेस काय गं?" आई ओरडली.

"असू दे," गुण्या म्हणाला आणि उलटं पडलेलं स्टूल पुढ्यात ओढलं.