काळी पडशील

उन्हाशी मंजुषाचं वैर जुनं. आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला येऊन इतकी वर्षं झाली, पण बाई छत्रीशिवाय कधी मेट्रोपर्यंत गेली नाही. गाडी चालवतानाही कोपरापर्यंत हातमोजे. बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." तो 'पण' जिवाला असा लागला, की लेक झाल्यावर साय-बेसनाची वाटी कधी रिकामी राहिली नाही. पोहायचा क्लास असो, शाळेची पिकनिक असो, नुसतं बाल्कनीत जाणं असो, मंजुषाचा मंत्र एकच: इरा, आत ये, काळी पडशील.

तीच इरा आता सोळाची झाली आणि दर शनिवारी भर दुपारी स्विमिंग पूलकाठी बेबी ऑइल चोपडून, अंग मुद्दाम रापवायला पालथी पडू लागली. सोबतीला मैत्रीण मिहिका. दोघी आधी मोबाइलवर उन्हातल्या यूव्ही किरणांचा आकडा बघायच्या. मंजुषाला वाटलं, चला, पोरी निदान जपून आहेत. मग कळलं, आकडा अकरावर गेला की या बाहेर पडतात. घरात बसा म्हणून सांगणारा आकडा, आणि यांचा तोच मुहूर्त. घ्या आता.

नवरा राजन फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर, घरी फक्त शनिवार-रविवार, तेही झोपायला. तो म्हणाला, "अगं, व्हिटॅमिन डी मिळतंय फुकटात. खलास. कशाला डोकं लावतेस?"

मग एका रविवारी इराच्या खांद्यांवर फोड आले. मंजुषा तिला रोल्ला भागातल्या ओळखीच्या डॉक्टर अरफांकडे घेऊन गेली. अरफांनी नीट समजावलं. "बेटा, हमारी स्किन में कैंसर कम होता है, पर होता है. और हो जाए तो देर से पता चलता है, क्योंकि कोई देखता ही नहीं." खांद्यावरच्या तिळावर त्यांनी बोट ठेवलं, म्हणाल्या, यावर लक्ष ठेवा, आणि हे तेल लावून उन्हात पडणं बंद.

मंजुषाने तो तीळ वाकून नीट पाहिला. इराने मात्र दाराकडे बोट दाखवलं. तिथे गोरं करणाऱ्या इंजेक्शनची हातभर जाहिरात होती.

"नाइस. यू बोथ वाँट मी फेअर."

आता बोला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. डॉक्टरांचं बोलणं सोळा आणे खरं, पण मंजुषाने ते घरी कितीही वेळा सांगितलं तरी लेकीच्या कानात 'काळी पडशील'च वाजायचं. दोष द्यायचा कुणाला? पेरणारी तीच. तिने साय-बेसन बंद केलं, कपाटातली क्रीमं फेकली. इराने ते पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी मिहिका आली नव्हती. मंजुषा छत्री घरीच ठेवून पूलकाठी गेली आणि तापलेल्या फरशीवर लेकीशेजारी बसली. पाय भाजत होते. खांद्यावरची साल निघून खाली गुलाबी कातडी दिसत होती, आणि तिच्या मधोमध तो तीळ.

"इरा, रंगाचं नाही गं हे. मला भीती वाटते. तुला काही झालं तर मी काय करू?"

इरा उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिने आईकडे सरळ पाहिलं. "ओके. आय बिलीव्ह यू." मग तिने आपला हात पुढे केला. तेलाने चकाकणारा, पार करपलेला. "देन से इट्स ब्यूटिफुल. जस्ट वन्स. आणि मी आत येते. प्रॉमिस."

एवढंच तर होतं. एक वाक्य, आणि पोर घरात. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. मंजुषाने हाताकडे पाहिलं. तिला तो बघण्याचा कार्यक्रम आठवला, सासूबाईंचा 'पण' आठवला, आणि जीभ टाळूला चिकटली.

"छान आहे," ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण उशीर झाला होता. इराने तो उशीर पाहिला. ती रागावली नाही. तिने बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं, खांद्याला लावलं आणि कूस बदलून पडून राहिली. मंजुषा मग दुपारभर तिच्या अंगावर आपली सावली पडेल अशी तिथे उभी राहिली. इरा थोडी थोडी उन्हाकडे सरकत होती.