चढायला नाही म्हणणारी गाडी

गाडीकडे बघण्याआधी अण्णा ती घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "भ्या हाय न्हवं मनात?"

समोरचा ऐटीत "नाही" म्हणाला, की ते चपला पायांत सरकवून उठत. "मग दुसऱ्या कुणाला तर न्या." जो कबूल होई, त्याच्याबरोबर मात्र ते जुनी गाडी निवडायला खानापूरहून बेळगावपर्यंत बसने जात आणि दिवसभर गाड्यांखाली वाकून बघत.

आमच्या गल्लीत तिसरे घर त्यांचे. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी लाकडाच्या लॉऱ्या घाटातून खाली आणल्या होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. घर्षणाचा धडा मी कितीतरी वर्गांना शिकवला. तो त्यांना तळपायाने पाठ होता, हे मला फार उशिरा कळले.

माझी मुलगी परिचारिका आहे. तिची बदली जंगलाकाठच्या एका उपकेंद्रात झाली आणि माझी झोप गेली. बस फाट्यापर्यंतच जाते. पुढे तीन मैलांचा रस्ता, आणि गावाच्या अलीकडे तांबड्या मातीची एक उभी चढण. तिला घरोघर जावे लागणार, म्हणजे गाडी हवी. पण कोणती? चुकीची घेतली, तर ती चूक मी नाही, मुलगी रोज भोगणार होती.

सवयीप्रमाणे मी कागदावर तीन रकाने आखले. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी: इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडते, म्हणून ओल्या सपाट रस्त्यावर ती भरवशाची, पण उभ्या चढणीवर भार मागे सरकतो आणि पुढची चाके जागीच फिरू लागतात. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी: पाठीमागे ओझे असेल तर चढाला उत्तम, रिकामी असली, की निसरड्यावर तिची शेपूट वळते. चारी चाकांना जोर मिळणारी: चिखलातूनही निघते. तिसऱ्या रकान्याखाली मी दोन रेघा ओढल्या आणि कागद अण्णांना दाखवला.

चष्मा नाकावर घेऊन त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. "अक्षर लई झ्याक हाय, सर. समदं बरोबर बी हाय. पर ह्यात रस्ता कुठं हाय?"

दुसऱ्याच दिवशी ते आम्हा बापलेकीला त्या चढणीवर घेऊन गेले. आदल्या दिवशी पाऊस झालेला. चढणीच्या पायथ्याशी एक सपाट दगड आहे. त्यावर मधोमध त्यांनी चपला जोडीने काढून ठेवल्या आणि आम्हालाही काढायला लावल्या.

"अण्णा, तुम्हाला चपला घ्यायला नेलं तरी तुम्ही आधी रस्ताच बघाल," मुलगी म्हणाली.

"व्हय की. आणि तुझ्या बाला अनवानी घरी आणीन," ते म्हणाले. "चढतानाचं सोडा. उतरताना टाच कुठं सरकती ते ध्यानात ठेवा."

माझी टाच वळणावर सरकली. तिथे कठडा नसलेली मोरी आहे आणि खाली ओढा. मी मुलीचा दंड धरला. आधार कुणी कुणाला दिला, ते सांगता येणार नाही. घरी आल्यावर मी ठरवून टाकले: चारी चाकांचीच घ्यायची. भीतीला नेहमी मोठे उत्तर हवे असते.

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी ओळखीच्या एकाची चारी चाकांची जुनी जीप एका दुपारपुरती मागून आणली. मुलीला चालवायला बसवले, स्वतः तिच्या शेजारी बसले, मी मागे.

जीप ती चढण सहज चढली. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, बघितलंत?" वर तिने गाडी फिरवली आणि त्याच उत्साहात उताराला घातली. अण्णा म्हणाले, "हळू गं आक्का. पैल्या गिअरात घे." पण तोवर वळण आले होते.

तिने ब्रेक दाबला. चाके थांबली, जीप थांबली नाही. कसलाही आवाज न करता ती मोरीकडे आडवी सरकू लागली. खिडकीतून मला रस्ता दिसेना, ओढ्याचे पाणी दिसले. 

"ब्रेक सोड," अण्णा म्हणाले. आवाज एवढा हलका, की जणू ते पाणी मागत होते. "सोड गं बाय. आता चाक वळीव. हं. आता हळूच दाब."

जीप मोरीच्या अलीकडे, वीतभर अंतरावर थांबली.

आम्ही उतरलो.  अण्णा दोन पावले चालले आणि मटकन रस्त्यातच बसले.  इतकी वर्षे घाट उतरलेला माणूस चिखलात बसला होता.

मग ते म्हणाले, "चढायला चारी चाकं कामाला येत्यात, सर. थांबायला समद्या गाड्या सारख्याच. माझ्या धाकट्या भावाला मीच सांगितलं हुतं, चारी चाकांची घे, कुठं बी जाईल. गेली की कुठं बी. उतरायचं तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

त्यांचा भाऊ घाटात गाडी घसरून गेला, एवढे गल्लीत सगळ्यांना माहीत होते. गाडी कुणी सुचवली होती, ते कुणालाच माहीत नव्हते.

"मग कोणती घेऊ?" मी विचारले. 

"पुढच्या चाकांची, ल्हान. सपाटीला चांगली पळंल. हितं पाऊस झाला, की चढायलाच न्हाय म्हणंल. न्हाय म्हणाली, की हिनं दगडापाशी उतरायचं आन् चालत जायाचं. जी वर जात न्हाय, ती खाली घसरत न्हाय."

आम्ही तशीच गाडी घेतली. माझ्या कागदावर जो मी दोष म्हणून लिहिला होता, त्याच्याचसाठी.

अण्णांना जाऊन आता वर्ष होईल. माझी भीती गेलेली नाही. पाऊस असला, की मुलीचा फोन येईपर्यंत मी खिडकीशी बसून असतो, आणि ही भीती मनात अशीच राहावी, असे मला वाटते.

अण्णा गेल्यानंतरच्या आषाढात एकदा मी तिच्याबरोबर गेलो. चढणीला गाडीची पुढची चाके जागीच फिरली, चिखल उडाला. मुलीने गाडी मागे घेतली, दगडाशेजारी लावली आणि औषधांची पेटी खांद्याला अडकवली. दगडाच्या एका कडेला तिने आपल्या चपला काढल्या. मी माझ्या काढल्या, दुसऱ्या कडेला.

मधली जागा आम्ही दोघांनीही मोकळी सोडली होती.