आडाक होग्री

कावेरी मला दिसली नंतर. आधी ऐकू आली. मी भाकरीचं पीठ मळत होते. शेजारच्या अंगणात दिवेलागणीला एक बाई आपल्या दोन लेकींना मोठ्यानं सांगत होती, "आडाक होग्री! होग्री, आडाक!" आमच्या सीमेवरच्या राजेश्वर गावात आड म्हणजे परसातली अरुंद, खोल विहीर. त्या घराच्या परसात तसला आड होता. वर गंजका पत्रा, पत्र्यावर दोन दगड. सासूशी भांडून ही लेकरांना आडात घालायली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तशाच पिठाच्या हातांनी मी कुंपण ओलांडलं, बाभळीच्या काट्याला साडीची किनार दान केली आणि तिचं मनगट धरून विचारलं, "अगं, लेकरांनी काय घोडं मारलंय तुझं?"

ती आधी दचकली, मग पोट धरून हसत खाली बसली. ती विजापूरकडची, नवऱ्यानं इकडे खताचं दुकान काढलं म्हणून नुकती सासरी राहायला आलेली. तिच्या कन्नडात 'आडाक होग्री' म्हणजे 'खेळायला जा'. अर्धं आयुष्य कर्नाटकात काढलेली मी, मला कन्नड येतं म्हणून बायकांत मिरवत असे. येत होतं ते भेंडीचा भाव पाडण्यापुरतं. वर तिनं मला 'अव्वा' म्हटलं, म्हातारीला म्हणतात तसं. तेव्हा मी केस काळे करत असे, त्यामुळे ते फार लागलं. आता केसही पांढरे आणि गल्लीभर मी अव्वाच.

तिची थोरली भूमी बोलत नव्हती. आधी बोलायची. मग तिला शाळेच्या बसमध्ये बसवलं. घरात आजीची मराठी, शाळेत बाईंचं कन्नड, पुस्तकात इंग्रजी. पोरगी कशालाही नाव सांगायला गेली की कोणीतरी हसायचं. होता होता तिनं तोंड मिटून घेतलं. धाकट्या तनूच्या कानात काय पुटपुटायची ते तनूलाच ठाऊक. कावेरीनं एक दिवस दप्तर खुंटीला अडकवलं आणि सांगितलं, आता शाळा घरीच. सासू नर्मदाबाईंनी अट घातली: पाडव्यापर्यंत पोरगी बोलली तर बोलली, न्हाईतर हॉस्टेल. नवरा दोघींच्या मधे मान खाली घालून जेवत राहिला.

त्या शाळेत पाटी नव्हती. मुलींनी मातीची चूल घातली, ती कोसळली, पुन्हा घातली. ज्वारीच्या भाकरीवर कावेरी अर्धा आणि पाव शिकवायला गेली, तर तनूनं पाव खाऊन टाकला आणि गणित तिथंच संपलं. कावेरीला राग यायचा, थकायची, चुलीपाशी बसून रडायचीही. "पोराला मराठी शिकवायला जीभ लागती अव्वा, मला न्हाई ती. मग हात देती," म्हणायची. 'हात लावू नको' हे शब्द त्या घरात बंद होते. मुलींनी काहीही विचारलं की तिचं एकच उत्तर, "मुट्टि नोडु." म्हणजे हात लावून बघ. पोरीची बोटं धरायची, त्या वस्तूवर ठेवायची, वरून मिटवायची आणि गप्प बसायची.

मोजायला तिनं सुतळी दिली, हाताहातावर गाठी मारलेली. मुलींनी बाज मोजली, म्हशीची शेपटी मोजली, झोपलेल्या नर्मदाबाईंची कंबर मोजली आणि शिव्या खाल्ल्या. कडुलिंबाची सावली मोजायला सुतळी पुरेना, म्हणून आणखी जोडली. मग कुंपण, मग गल्ली. सुतळी रोज वाढत होती. एके दिवशी तनूनं परसातल्या पत्र्याकडे बोट दाखवून विचारलं, हे किती? मी म्हटलं, सांग तिला आत पाण्यातल्या आसरा बसल्यात, पाय ओढतात. आम्हाला असंच वाढवलंय. कावेरी मान हलवत राहिली. "भ्या घालून शिकवलं की लेकरू भ्याच शिकतंय अव्वा." मग तनूला म्हणाली, सुतळी पुरेल तेव्हा मोजू, सगळे मिळून. वाऱ्यानं पत्रा खडखडला. मी विषय बदलला, पण त्या रात्रीपासून तो पत्रा मला अंथरुणातही ऐकू यायचा.

पाडवा जवळ आला. फाल्गुनातली दुपार, आम्ही दोघी ओट्यावर तूर निवडत होतो. नर्मदाबाईंनी हॉस्टेलसाठी पेटी काढून ठेवली होती, ती दारातच दिसत होती. भूमी परसाकडून आली, आईपुढे उभी राहिली आणि म्हणाली,

"आड."

कावेरीच्या हातातलं सूप पडलं. तुरीचे दाणे ओटाभर झाले. तिनं पोरीला कवटाळलं, तिचे गाल, तिचं कपाळ चुंबलं. "आडु? आडायचं तुला? होगु चिन्ना, होगु, आडु!" जा सोन्या, जा, खेळ, असं. माझेही डोळे भरले. पण माझा कान मराठी. मी हळूच म्हटलं, "कावेरी, ती आड म्हणायलीय."

ती रडता रडता हसली. "अव्वा, परत तेच?"

मलाही ते पिठाचे हात आठवले, आणि मीही हसले.

भूमी खेळायला गेली नाही. तिनं आईचा हात धरला, त्यात सुतळीचं टोक ठेवलं आणि आईची बोटं एकेक करून वरून मिटवली.

सुतळी ओली होती. त्या दिवसांत आमच्या गल्लीत हंडाही कोरडा असतो. ओलं असं काही कुठं नव्हतंच.

कावेरीचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र निघून गेले. मग ती पळाली.

पत्रा सरकलेला होता. तनू काठावर पालथी पडलेली, डोकं आणि खांदे आत. ती खालच्या अंधाराला विचारत होती, "किती?" आणि आड तिला तिच्याच आवाजात परत विचारत होता. तिच्या पोटाखालून माती सुटून आत पडत होती. मी ओरडणार तेवढ्यात कावेरीनं मागे हात करून मला थांबवलं. आवाजानं पोरगी दचकली असती. कावेरी जमिनीवर आडवी झाली, कोपरांवर सरकत गेली आणि तिनं तनूचा घोटा धरला. ओढून घेतल्यावरही तो घोटा तिनं संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

नर्मदाबाई म्हणाल्या, "बोलली म्हणं पोरगी. बोलली काय, तर आड." पेटी दारातून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी फरशी टाकायला येणार होते. त्याआधी कावेरीनं दोघींच्या कमरेला आपली जुनी साडी बांधली, टोक माझ्या हातात दिलं आणि त्यांना काठावर नेलं. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "अर्धं कळलेलंच मारतंय अव्वा. पुरं कळू दे." सुतळीला दगड बांधून सोडला. भूमी एकेक गाठ मोठ्यानं मोजत होती, घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात. पाणी येईना. आकडे संपले, पोरीला पुढचे येत नव्हते, तेव्हा खालून बारीकसा 'डुब' आला. मग फरशी बसली.

त्या संध्याकाळी मी कुंपणापाशी उभी होते. कावेरी दारात आली, तोंड उघडलं, 'आ' म्हणाली आणि थांबली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "खेळा जावा." आपल्या आईकडून आणलेला तो शब्द तिनं मग इथून जाईपर्यंत उच्चारला नाही.

पेटी मात्र हॉस्टेलला गेली नाही. पाडव्याच्या आधी ती विजापूरच्या वाटेला लागली, कावेरी आणि दोघी मुलींसकट. जीप उभी होती. मी विचारलं, तिथं तर सांजच्याला प्रत्येक आई तेच ओरडणार गं, मग? कावेरीनं भूमीकडे पाहिलं. भूमीनं तनूचं मनगट धरलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत. "तिला विचारा अव्वा," कावेरी म्हणाली. "आता ती सांगती."

नर्मदाबाई वारल्यावर त्या घरात भाडेकरू आलेत, कन्नड बोलणारे. चांगले आहेत. परसातली फरशी या वर्षी एका कोपऱ्यात खचली आहे. मी त्यांना दोनदा सांगितलं, ते हो म्हणतात. दिवेलागणीला ती बाई दारात येते आणि लेकरांना मोठ्यानं सांगते, "आडाक होग्री."

कन्नड आता मला चांगलं येतं. तरी पिठातले हात थांबतात, आणि मी कुंपणापाशी जाऊन लेकरं मोजून येते.